छायाचित्राची जागा

दिल्लीहून बदलीचा हुकूम आला, तेव्हा निघण्यापूर्वी कुटुंबाचे एक छायाचित्र उघड्यावर काढावे, असे ठरले. मुलांनी लोदी उद्यानातील मुहम्मद शाह सय्यदाचा १४४४ सालचा मकबरा सुचविला. वास्तू देखणी खरी. परंतु ती सगळी चित्रात घ्यावयाची तर माणसे बोटाएवढी होतात. कडुनिंबाखाली उभे राहावे, तर चेहऱ्यांवर कवडसे!

आई म्हणाली, “अरे, मकबरा सुलतानाचा. आपण नऊ वर्षे राहिलो, ते हे अंगण.”

अंगण पश्चिमेचे, सकाळी घराची सावली तेथे एकसारखी पसरते, डोळे दिपत नाहीत. तिने लावलेल्या तुळशीशेजारीच तिची खुर्ची ठेवली.

आई आता नाही. त्या घरात दुसरे कुटुंब नांदते. चित्रात मात्र तिचा चेहरा, अन् मागचे दार, स्वच्छ दिसते.