व्यायामाला वेळ कुठून आणायचा?



सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाईला डॉक्टर सांगतात, "रोज चाला." ती म्हणते, "वेळ कुठाय?" हा आळस नव्हे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. २०२० पासून तो थोडा थोडा केला तरी चालतो. म्हणजे एक थांबा आधी उतरून झपझप चालणं, कचेरीचे जिने चढणं, सारं धरायचं. मे महिन्याच्या उन्हात मात्र पहाटच बरी.

पण पहाटे डबा कोण करणार? आणि हिवाळ्यात संध्याकाळी अंधाऱ्या रस्त्यावरून एकटी कशी चालणार? म्हणून वस्तीतल्या चौघी-पाचजणी मिळून चाला. दिवे आणि मोकळे फुटपाथ महापालिकेकडे लेखी मागा. घरात पोळ्यांची पाळी लावा. आपल्या हातची तीस मिनिटांची कामं कुणाकडे सोपवायची, हे आज घरी गेल्यावर सगळ्यांसमोर ठरवा. आपलं शरीर हीसुद्धा आपलीच जबाबदारी आणि आपलाच हक्क आहे.