शिकागो आणि न्यूयॉर्क : उंचीची चढाओढ

गगनचुंबी इमारतींच्या शर्यतीत आधी आघाडी घेतली ती शिकागोने. १८८५ साली तिथे धातूच्या सांगाड्यावर दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली.

पुढे न्यूयॉर्कने बाजी मारली. पण सरळसोट भिंतींमुळे रस्त्यांवर ऊन पोचेना. १९१६ च्या नियमाने वरचे मजले मागे घ्यायला लावले. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार त्यातूनच आला.

१९७० च्या दशकात शिकागोने पुन्हा उचल खाल्ली. ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर रहमान खान यांनी सीअर्स टॉवरसाठी नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधली. वाऱ्याचा मारा त्या मिळून झेलतात. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावरच थांबतात, माथ्यापर्यंत दोनच जातात.

आता विलिस टॉवर म्हणवणारी ही इमारत ४४२ मीटरची. न्यूयॉर्कचे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ५४१ मीटरचे.