कारण सापडत नाही, म्हणजे काय?



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची विद्या युनियनच्या कचेरीतली आणि रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांची. त्या कचेरीत एकदा एक कामगार बाई आली. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नाही. नवरा दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी बोलू लागलेला. कागदावर डॉक्टरांनी लिहिले होते, ‘कारण सापडत नाही.’ आम्ही विचारले, "यजमानांची तपासणी झाली काय?" बाई गप्प. अर्धीच तपासणी करून कारण सापडत नाही म्हणायचे, हा कोणता न्याय?

क्लॅमिडिया नावाचा एक जंतू शरीरसंबंधातून लागतो. बहुतेक स्त्रियांना त्याचा पत्ताही लागत नाही; पुरुषांनाही पुष्कळदा काही जाणवत नाही. तो गर्भाशयातून बीजनलिकांपर्यंत चढतो. तेथे नासाडी एकटा जंतूच करतो असे नाही. त्याच्याशी झुंजणारी आपली प्रतिकारशक्तीच सूज आणते आणि मागे वण ठेवते. शिवाय जंतूचे एक प्रथिन आपल्या शरीरातील प्रथिनाशी मिळतेजुळते असते. त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये नलिका बिघडलेल्या स्त्रियांच्या रक्तात अधिक आढळतात. हे कारण की परिणाम, हा संशोधकांचा वाद मिटलेला नाही. क्ष-किरणांच्या चित्रात नलिका उघडी दिसते. पण बीज पुढे सरकवणारे आतले सूक्ष्म केस नष्ट झाले असतील, तर ते त्या चित्रात दिसत नाही. (आपल्याकडे क्षयाचा जंतूही नलिका बंद करतो, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय.)

स्वीडनमधील लुंड येथे १९६० ते १९८४ या काळात ओटीपोटात असा दाह झालेल्या स्त्रियांची पाहणी झाली. एकदा दाह झालेल्यांत सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांत २० टक्के आणि तीन वा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के स्त्रियांना नलिकांच्या बिघाडामुळे मूल होईना. म्हणजे पहिल्या खेपेलाच रोग पकडला पाहिजे. सात दिवसांच्या गोळ्यांनी जंतू मरतो. वण मात्र जात नाहीत. आणि गोळ्या दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर घरातला रोग घरातच फिरत राहतो.

त्या बाईच्या नवऱ्यासाठी आम्ही व्यवस्थापकांकडून अर्ध्या दिवसाची रजा मिळवली. गडी ती घेऊन बहिणीच्या गावी जाऊन आला! पुढल्या महिन्यात आम्ही स्वतःच त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बाकावर बसलो. त्याच्या लघवीच्या नमुन्यात जंतू निघाला. कोणाचा कोणाला लागला, हे तपासणी सांगत नाही. त्याने मात्र कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "हा तिला मीच दाखवतो."