तो का बोलला नाही?



मघाशी याच व्यासपीठावरून आजच्या कथेतल्या संदिग्धतेचं भरभरून कौतुक झालं. मला त्याला विरोध करायचा आहे.

एकतर्फी प्रेमाच्या संथ कथा दिवाळी अंकांत दरवर्षी येतात. नायक पानंच्या पानं खिडकीत उभा. ती समोरून जाते, हा बोलत नाही. का? नकाराची भीती? जात आड येते? घरावर कर्ज आहे? की वाट पाहण्यातच त्याला सुख आहे? यातलं काहीही चालेल, पण काहीतरी हवं! लेखकाला विचारावं, तर म्हणतो, ते वाचकानं ठरवावं. हे उत्तर मी मानत नाही. स्वतःला ठाऊक नाही म्हणून काम वाचकाच्या गळ्यात घातलं जातं आणि आमचे समीक्षक त्याला खोली म्हणतात.

संथपणाशी माझं भांडण नाही. काझुओ इशिगुरोंची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ घ्या. १९८९ साली तिला बुकर मिळालं. डार्लिंग्टन हॉलचा बटलर स्टीव्हन्स मिस केंटनवरचं प्रेम जवळजवळ शेवटपर्यंत स्वतःशीही कबूल करत नाही. पण १९२३च्या परिषदेत वरच्या मजल्यावर बाप मरतो, तेव्हा हा खाली पाहुण्यांना पोर्ट वाढत राहतो. त्या प्रसंगात प्रेमाचा शब्द नाही, तरी हा माणूस कधीच का बोलणार नाही ते तिथेच कळतं. भावना दिसली की बटलरची प्रतिष्ठा गेली, अशी त्याची पक्की समजूत आहे. पुढे केंटन त्याची बोटं एकेक करून सोडवत हातातलं पुस्तक काढून घेते. निघते साधी प्रेमकथा. हा म्हणतो, भाषा सुधारायला वाचतो. रोज संध्याकाळी कोको पीत दोघं कामाचं बोलतात. एकदा ती दमल्याचं म्हणते, तर हा ती बैठकच बंद करतो. प्रत्येक वेळी कारण तेच, आणि प्रत्येक वेळी ते जास्त टोचतं.

आणि ती? आपल्या कथांत ती नुसती जाते-येते. नकार द्यायलाही तिला कारण मिळत नाही, याचा मला संताप येतो. केंटन बघा. ज्यू मोलकरणींना काढलंत तर मीही जाईन, असं बजावते आणि जात नाही. बाहेर तिचं कुणी नाही, हे पुढे स्वतःच सांगते. घर सोडलं तेही आधी स्टीव्हन्सला डिवचायला, हे अखेरच्या भेटीत मान्य करते.

माणसाचं मन अथांग असतं, असं मला ऐकवलं जाईल. असेल. पण गप्प राहणं हीसुद्धा कृती आहे, आणि ती कशातून आली हे लेखकानं शोधलेलं असलं पाहिजे.

संपादकांनो, अशी कथा आली की लेखकाला फोन करा आणि एवढंच विचारा, तो का बोलला नाही? दोन वाक्यांत सांगता आलं, तर कथेत ते लिहिलेलं नसलं तरी छापा. नाही सांगता आलं, तर परत पाठवा, नाव कितीही मोठं असो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी दुपारच्या परिसंवादात आपल्या आवडीची कथा घेऊन यावं. मी तिथे आहे.