पिशवीत आधी कागद, मग कुंची



श्रोतेहो, बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची पिशवी, हा आजचा विषय. दुपटी, लंगोट, टोपडी, बाळंतिणीचे पुढून उघडणारे गाऊन, पॅड, टॉवेल, ताट-वाटी ही यादी घरातल्या मोठ्या बायांना तोंडपाठ असते, तेव्हा ती मी वाचत बसत नाही. मला बोलायचंय ते कागदांबद्दल. माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून झाली. कपडे कमी पडले म्हणून तिथे कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई दुपटं देते. कागद मात्र कुणाला उसना देता येत नाही.

रात्री उशिरा फाटकाशी जीप थांबते. मुलगी कळांनी वाकलेली, बरोबर आई, मावशी आणि चुलतभाऊ. मी विचारते, ‘‘कार्ड कुठंय?’’ आई पिशवी उघडते. वरच जरीकाठाची कुंची. तिच्याखाली झबली, मग रुमालात बांधलेले चांदीचे वाळे, मग डिंकाच्या लाडवांचा डबा, अगदी तळाला मोहरीची उशी. कार्ड नाही. ‘‘रक्तगट कोणता?’’ ‘‘ते जावईबापूंना ठाऊक.’’ जावईबापू कंपनीत रात्रपाळीला, फोन लागत नाही. ‘‘सोनोग्राफी केली होती का?’’ ‘‘केली की. सासरी कपाटात आहे.’’

असं का होतं, तेही सांगते. तपासण्या होतात सासरच्या गावी आणि बाळंतपण माहेरी. ओटी भरली, मुलगी निघाली की साड्या येतात, फळं येतात, फाइल मागे राहते. सासूबाईंनो, तुम्हालाच सांगते. सुनेची ओटी भरता ना, त्याच दिवशी तिची फाइल तिच्या हातात द्या.

आता कुणी म्हणेल, रक्त पुन्हा तपासता येत नाही का? येतं. रक्तगट तर आम्ही तपासतोच. पण बाई आरएच निगेटिव्ह आहे हे आल्या आल्या कळलं, तर रक्तपेढीला तेव्हाच फोन जातो. आपल्याकडे शंभरात पाचेक जणींचाच गट निगेटिव्ह असतो, ते रक्त हाकेसरशी मिळत नाही. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणजे पुढच्या खेपेच्या बाळाला धोका राहत नाही. आईला ‘हिपॅटायटिस बी’ असेल तर बाळाला पहिल्या 12 तासांत लसीबरोबर वेगळं इंजेक्शनही लागतं. आधीचं सिझर असेल तर त्या वेळचा डिस्चार्जचा कागद हवा.

आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी? ती तर पुन्हा करताच येत नाही. दिवस किती भरले याचा सगळ्यात भरवशाचा हिशेब त्या एका कागदावर असतो. कळा सुरू झाल्यात आणि पस्तिसावा आठवडा आहे की अडतिसावा हेच कळत नाही, तर डॉक्टरांनी निर्णय कशावर घ्यायचा? सदतीस आठवडे पुरे होण्याआधीचं बाळ वेगळं सांभाळावं लागतं. म्हणून म्हणते, आधी कागद.

शेतकरी बंधूंनो, पेरणीचंच बघा. पाऊस पडल्यावर बियाणं आणायला तालुक्याला कुणी जातं का? मृगाआधी पाभर दुरुस्त झालेली असते, बियाणं घरात असतं, ते कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. बियाण्याची पावती आणि पिशवीवरचं लेबल तर तुम्ही पीक निघेपर्यंत जपता, कारण उगवलं नाही तर दाद मागायला तोच पुरावा. पाऊस वेळेवर येईल असं धरून कुणी बसत नाही, दोन दिवस आधी आला तरी तुम्ही तयार असता. बाळंतपणही असंच. डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या तारखेला विसांतली एखादीच बाळंत होते. मग बियाण्याच्या पावतीला जी जागा देता, ती लेकीच्या कार्डाला का देत नाही?

तर आठवा लागला की पिशवी भरून दाराजवळ ठेवा, आणि कागदांची प्लॅस्टिकची पिशवी सगळ्यात वर. तिच्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्ता-लघवीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधारकार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो नवऱ्याकडे, भावाकडे, आशाताईंकडे पाठवून ठेवा. जावईबापू, रात्रपाळी तुमची चुकणार नाही, हे मान्य. पण फोटो आधीच पाठवला असेल तर तुमचा फोन लागला नाही तरी चालेल.

मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारकडच्या बहिणींनो, पावसाळ्यात वाट बंद व्हायच्या आधी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात येऊन राहणार असाल, तर कपडे जास्त घ्या. कार्ड मात्र तेच, आणि तेही वरच.

घरी काय ठेवायचं? घुटी, मध, काजळ, दुधाची बाटली आणि दागिने. बाळाला पहिल्या तासाभरात आईचा चीक मिळाला की वरचं काही लागत नाही. पहिल्या दिवशी अंघोळही नाही, म्हणजे साबण आणि पावडरही नको. जुन्या लुगड्याची, धुऊन उन्हात वाळवलेली सुती दुपटी सगळ्यात चांगली, आणि ती जरा जास्तच घ्या.

पैशांचं म्हणाल तर, सरकारी रुग्णालयात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवणही मिळतं. न्यायला-आणायला 102 क्रमांकाची गाडी आहे, अडीअडचणीला 108. हे नंबर कार्डावरच पेनानं लिहून ठेवा. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट बघत बसू नका. निघा. आणि निघताना हात घालायचा तो वरच्या पिशवीत.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, आणि जन्मनोंदणीचं बोलायचं राहिलं. नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात फॉर्म भरताना आईवडिलांची नावं आधारकार्डाप्रमाणेच लिहिली आहेत ना, हे सही करण्याआधी स्वतः वाचून घ्या, नाहीतर पुढे शाळेत घालताना दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. बाळाचं नाव बारशानंतर घालता येतं, त्याचीही एक रीत आहे, पण ती आता सांगायला वेळ नाही. ग्रामपंचायतीत विचारा, आणि जाताना रुग्णालयातला कागद बरोबर न्या.