गाणं तिचं, सातबारा कुणाचा?

पुणतांब्याहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय. आज पापड-लोणच्याचं काही सांगणार नाही. आज पिक्चरची गोष्ट.

2023 ची दिवाळी जवळ आली होती. आम्ही पाचजणी फराळाचा माल घेऊन पुण्याला गेलो होतो. माल संपला. आमच्यातल्या एकीची मुलगी तिथं नोकरीला आहे, तिनं आम्हाला पिक्चरला नेलं. टेलर स्विफ्ट नावाच्या अमेरिकन गायिकेचा, 'द एराज टूर'. त्यात गोष्ट नाही, हिरो नाही. अमेरिकेत ऑगस्टमध्ये तिच्या गाण्यांचा जो कार्यक्रम झाला, तोच पडद्यावर. पावणेतीन तास! तिकिटाचा भाव ऐकून आक्का म्हणाल्या, "एवढ्यात किलोभर शेव येईल की गं." पण पोरीनं तिकिटं आधीच काढलेली.

आत बघतो तर पोरी खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचतायत. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. त्याच वर्षी 'बाईपण भारी देवा'ला नऊवारी नेसून, गॉगल लावून बायका थिएटरात नाचल्याच होत्या, आम्हीही त्यातल्याच. इथल्या पोरींच्या हातात मण्यांच्या माळा होत्या. अनोळखी पोरी एकमेकींना त्या देत होत्या. एकीनं आक्कांच्या हातातही घातली. हळदीकुंकवाचं वाणच म्हणा. गाण्यातला शब्द कळत नव्हता, पण बाई एकटी सत्तर हजार माणसांपुढं उभी होती, आणि दमत नव्हती.

खरी गोष्ट रात्री पोरीच्या खोलीवर कळली. ही टेलर लहान वयात एका कंपनीशी करार करून बसली. गाणी स्वतः लिहायची, स्वतः गायची. पण ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची. पहिले सहा अल्बम असे कंपनीच्या नावावर. 2019 मध्ये ती कंपनीच दुसऱ्यानं विकत घेतली, गाणी त्याच्याकडे गेली. पुढच्या वर्षी त्यानं ती तिसऱ्याला विकली.

आमच्यातली एक तोवर गप्प ऐकत होती. तिनं तीस वर्षं ज्या वावरात कांदा लावला, ते वावर विकल्याचं तिला शेजारणीकडून कळलं होतं. सातबाऱ्यावर तिचं नावच नव्हतं, मग तिला विचारायचं कुणी कशाला? ती म्हणाली, "मग हिनं काय केलं?"

हिनं तीच गाणी पुन्हा गायली. गाणी लिहिलेली तिची, तो हक्क तिच्याकडेच होता. 2021 पासून एकेक जुना अल्बम नव्यानं गाऊन काढला, त्यावर 'टेलरचं' असं लिहिलं, आणि ऐकणाऱ्यांनीही तोच घेतला. हा पिक्चरही तिनं मोठ्या स्टुडिओच्या हातात न देता थेट थिएटरवाल्या कंपनीशी बोलून लावला. मधला आडत्या वगळला म्हणायचं! 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप आमच्याच गावातून सुरू झाला, त्यामुळे ही भाषा आम्हाला चटकन कळते.

मे 2025 मध्ये पोरीचा फोन आला. टेलरनं त्या सहा अल्बमांची मालकी विकत घेतली, सगळी तिची झाली. आम्ही ते कांदेवालीला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्याकडे पैसे होते." यावर कुणीच काही बोललं नाही.

खरं आहे. वावर गाण्यासारखं पुन्हा गाता येत नाही. म्हणून विकायच्या आधीच नाव लागलं पाहिजे. पुण्याहून आल्यावर आम्ही पाचजणींनी आपापल्या घरचा सातबारा मोबाइलवर महाभूलेखवर बघितला, त्याला पैसे पडत नाहीत. चार घरी जमीन, चारही ठिकाणी नुसती नवऱ्याची नावं. नवरा हयात असताना त्यानं तलाठ्याकडे अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. त्याला लक्ष्मीमुक्ती म्हणतात. मग पुढं विकायचं झालं तर तिचीही सही लागते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे फार आधी गावोगाव सांगितलं होतं. आमच्या सासवांनी ते भाषण ऐकलंही असेल, पण कागद काही हलला नाही.

आता दोघींची नावं लागलीत. तिसरीच्या नवऱ्यानं सही करायला चार महिने घेतले. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे रोज रात्री जेवताना. शेवटी तिनं सांगितलं, "विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडून मागते." तिचा अर्ज तलाठ्याकडे आहे. आक्कांच्या घरी अजून बोलणंच चालू आहे.

आणि कांदेवाली? वावर तर गेलं. पण राहतं घर आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर घर दोघांच्या नावे करता येतं. तिनं ते करून घेतलं. उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलाय, आणि आक्कांकडून मागून आणलेली ती मण्यांची माळ त्याच पिशवीत.