बसावे कसे?



आम्ही आज पाठीच्या कण्याविषयी दोन शब्द बोलणार आहो. विषय क्षुल्लक वाटेल. पण आपल्या पद्मशाली समाजाच्या बहुतेक घरांतून हातमाग गेले आणि विडीचे सूप राहिले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, सुपावर वाकण्याची बैठक मात्र तीच आहे. खड्डामागावर विणकराचे पाय निदान हलत असत. विडी वळताना मांडी घातलेली, सूप मांडीवर, नजर पानावर, असे तासन्‌तास चालते. डोके जितके पुढे झुकावे, तितका मानेच्या स्नायूंवरील भार वाढतो.

म्हणून भगिनींनी घडी केलेल्या गोधडीवर, भिंतीला पाठ टेकून बसावे. गुडघे कमरेखाली राहिले की पाठ सरळ राहते. सुपाखाली उशी घेऊन ते उंच करावे. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावी. मजुरी हजार विड्यांवर मिळते, उठले की विड्या कमी भरतात, हे आम्ही जाणतो. निदान पाण्याचा हंडा व दळणाचा डबा पुरुषांनी उचलावा, तोही कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकून. आणि सून मधेच उठली, तर सासूबाईंनी तिला टोकू नये.